धुळाचा अर्धा कान

धुळाचा डावा कान अर्धाच आहे. उरलेला अर्धा कायद्याकडं जमा आहे, असं तो लोकांना सांगायचा.

करडेवाडी ही सोलापूरपासून मोटारसायकलनं दीड तासावरची वाडी. मुरमाड माळ, बाभळी, मधेमधे बाजरीचे तुकडे. वाडीतलं शेवटचं घर धुळाचं. घरापुढं काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेलं वाडगं, मेंढरं बसवायचं. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिथं पिकअप येऊन उभी राहिली. चौघं उतरले. धुळा घोंगडीतून उठून गोफण चाचपेपर्यंत त्यांनी त्याला बाभळीला आवळलंही होतं. त्यानं आरोळी ठोकली. "वरडतोस व्हय?" म्हणत एकानं कोयता फिरवला. अर्धा कान मानेवर लोंबला, मग खाली पडला. रक्त बनियनमध्ये उतरत होतं आणि धुळा आपली मेंढरं गाडीत फेकली जाताना बघत होता. पाय धरून फेकत होते, पोत्यासारखी. एका गाभण मेंढीचं पोट गाडीच्या फाळक्यावर आपटलं. ती ओरडायचीच थांबली.

तेवढ्यात समोरच्या चढावर शेजारच्या युवराजच्या घरात दिवा लागला. खिडकीत डोकं दिसलं. दिवा विझला.

सकाळी वाडीतली माणसं धुळाबरोबर ठाण्यात गेली. फौजदारानं विचारलं, "साक्षीदार कोण?" सगळे झोपले होते. युवराजही झोपला होता.

"कुत्री बी झोपली हुती सायेब," धुळा म्हणाला.

कोणी हसलं नाही. कागदावर मेंढ्या हरवल्या असं लिहिलं गेलं. पुढं युवराज सरपंच झाला. धुळानं त्यालाच मत दिलं, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही. "तुला मत दिलंय. आता तरी जागा ऱ्हा."

तेव्हापासून धुळा बोलायला लागला, असं त्याची बायको फुलाबाई म्हणते. आधी तो मेंढरांशी बोलायचा, माणसांशी कमी. कान गेल्यावर तो रोज फाट्यावरच्या शिवकुमारच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसू लागला. शिवकुमार कानडी मुलखातला. गिऱ्हाईक टिकवायला त्याला धुळा बरा पडायचा. लोक मुद्दाम त्याला डिवचायचे.

"आबा, कायदा आंधळा हाय म्हंत्यात."

"न्हाय. त्याला डोळं हायत की. पर ते त्यानं दुसऱ्याच्या तोंडात ठिवल्यात. त्ये तोंड उघडलं तरच त्याला दिसतंय."

"आन् सरकार?"

"सरकारनं माझ्या मेंढरांच्या कानाला पिवळा बिल्ला लावला. नंबर दिला. चांगलं केलं. माझ्या कानाला टाका न्हाय दिला."

"शाळा बंद पडली आपली, पोरं कमी म्हून. त्यावर काय म्हन्नं हाय?"

"चार मेंढरं ऱ्हायली म्हून कळप सोडून देतोय का कुनी?"

"मग तुमी का न्हाय शिकला?"

"म्या सई शिकलोय की!" धुळा चिडायचा. त्याला सही खरंच येत होती. रात्रशाळेत शिकला होता. कुठंही अंगठा मागितला की त्याला अपमान वाटायचा. तो उजव्या हातानं पेन मुठीत धरून हळूहळू नाव काढायचा, आणि तोवर मागच्या रांगेला थांबावं लागायचं.

मोबाइलबद्दल त्याचं मत रोज बदलायचं. सकाळी तो मोबाइलला शिव्या द्यायचा. दुपारी बटनाच्या फोनवरून टेंभुर्णीला कुमारला फोन लावायचा.

कुमार त्याचा मुलगा. टेंभुर्णीत एका व्यापाऱ्याची गाडी चालवायचा, डाळिंबं आणि केळी भरून पुण्याला न्यायचा. बापाचा कान गेला त्या पहाटे तो रस्त्यावर होता. त्याचीही गाडी पिकअपच होती. वाडीनं ते सोडलं नाही. लग्नात, पारावर, कुणी ना कुणी म्हणायचंच, "पिकअपवाल्याचा बाप पिकअपनंच लुटला की." एकदा केराबाई पाणी भरताना हसत म्हणाली होती, "कुमार, बापाचा कान तोडला तवा तू कितीच्या भाड्यानं चालला हुतास?" कुमारनं तिचा हंडा लाथेनं उडवला. मग नोकरी सोडून घरी आला. गाडीतून जॅकची टॉमी तेवढी घेऊन आला. हातभर लोखंडी दांडी. ती तो उशाला ठेवून झोपायचा.

धुळाला ते बघवत नव्हतं.

युवराज सरपंच झाल्यावर पहिल्याच ग्रामसभेत दवंडी बंद झाली. करडेवाडीत केराबाईचा नवरा भीमा हलगी वाजवत दवंडी द्यायचा. लस आली, रेशन आलं, पाणी सुटणार नाही, सगळं. घरोघर थांबायचा, चहा प्यायचा, पुन्हा सांगायचा. युवराज म्हणाला, आता फोनवर वाडीचा ग्रुप आहे. एका मिनिटात सगळ्यांना कळतं. हलगीचं मानधन वाचेल.

धुळा उठला. "माझा फोन बटनाचा हाय."

"मग कुमार सांगंल की."

"कुमार फोनात काय बघतो त्ये मला दिसत न्हाय. भीमा काय वराडतो त्ये समद्यांला ऐकू येतंय. दवंडी सगळ्यांनी एकदम ऐकायची आस्ती. कुनी म्हनू शकत न्हाय, मला कळलंच न्हाय म्हून."

"आबा, तुमाला एकाच कानानं ऐकू येतंय. दवंडीचा काय उपेग?"

सभा हसली. भीमाही हसला. धुळाही हसला, कारण विनोद चांगला होता. ठराव झाला.

यंदा पाऊस उघडल्यावर आकाशात दिवे दिसायला लागले. लाल, हिरवे, घोंगावणारे. आधी शेजारच्या गावात, मग वाडीवर. कोणाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. ग्रुपवर मात्र रोज कळायचं. चोर ड्रोन सोडतात. वरून मेंढरं मोजतात. मग गाडी येते. कुठल्याशा गावात म्हातारीला मारलं. कुठं पोरगी पळवली. व्हिडिओ यायचे. त्यातली भाषा कधी हिंदी, कधी भलतीच. युवराजनं गस्त बसवली. तरुण पोरं काठ्या घेऊन फिरायची. कुमार त्यांचा पुढारी झाला. आता त्याला पिकअपवरून कोणी बोलत नव्हतं.

"आबा, येऊ द्या आता," तो म्हणायचा. "एकदा येऊ द्या."

धुळाला बरं वाटायचं. हे त्यानं नंतर कबूल केलं. मुलगा बापाच्या बाजूनं उभा आहे असं त्याला वाटायचं. मुलाच्या हातातली टॉमी त्याला दिसत होती. तरी बरं वाटायचं.

त्या दिवशी धुळा दोन वर्षांत पुन्हा जमवलेली मेंढरं घेऊन उजाडतानाच गेला. कुमार गस्तीवरून येऊन झोपला होता. बाकी वाडी रानात गेलेली, फुलाबाई एकटी घरात जागी. ग्रामसेवक आणि एक शहरातला पोरगा दारात आले. पोरगा पंचविशीचा, काटकुळा, पाठीवर मोठी पेटी. घराच्या कडेनं चुन्याची रेघ मारायची होती. ग्रामसेवक म्हणाला, घरांची मोजणी आहे, वरून फोटो निघणार, मग प्रत्येकाला घराचा कागद मिळणार. फुलाबाईला फोटोचं कळलं नाही. कागदाचं कळलं. धुळाच्या बापापासून घराला कागद नव्हता. तिनं दोघांना चहा दिला. पोरानं नाव सांगितलं, महेश्वर. सोलापूरचा. घरी तेलुगू बोलतात, आई टॉवेलच्या कारखान्यात जाते. चहात साखर जास्त आहे का म्हणून फुलाबाईनं विचारलं. तो म्हणाला, "असू दे की मावशी. आमची आई पण असाच करते."

ग्रुपवर निरोप आदल्या दिवशी आलेला होता. मोजणीचं ड्रोन उडणार आहे, कोणी घाबरू नये. युवराजनं टाकला होता. त्याच्या खाली तासाभरात चोरांचे व्हिडिओ येऊन पडले. वर सरकवून कोणी बघितलं नाही. कुमारच्या फोनात तो निरोप होता. उघडलेला नव्हता.

दुपारी ग्रामसेवक तालुक्याला निघून गेला. महेश्वर एकटा उडवत राहिला. यंत्र उतरवायला झाड नसलेली सपाट जागा लागते. तशी जागा वाडीत एकच होती, धुळाच्या वाडग्याशेजारी.

दिवस मावळायला आला होता, पण उजेड चांगला होता. धुळा मेंढरं घेऊन परतत होता. घोंगावण्याचा आवाज आधी मेंढरांना आला. पुढचा मेंढा थबकला. मग कळप फुटला. मेंढरं बाभळीत शिरली, काट्यांत अडकली, एकमेकांवर चढली. धुळानं वर बघितलं. चार पंख्यांचं काळं यंत्र वाडग्यावर येऊन थांबलं होतं. पोटाला लाल दिवा. ते हळूहळू खाली यायला लागलं.

धुळानं कमरेची गोफण सोडली. खाली वाकून दगड घेतला, लिंबाएवढा. या हातानं त्यानं लांडग्याच्या तोंडावर दगड घातला होता. गोफण डोक्याभोवती फिरली, सुटली. यंत्राचा एक पंखा तुटला. ते तिरकं झालं, गरगरलं, आणि वाडग्याच्या कुंपणावर आदळलं. एक कोकरू त्याखाली सापडलं. पाय झाडून ते पडून राहिलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा धुळाची छाती मोकळी झाली. त्यानं तोंडाशी हात धरून आरोळी दिली. त्या पहाटे बाभळीला बांधलेला असताना दिली होती, तीच. त्या पहाटे कोणी आलं नव्हतं.

या वेळी सगळे आले.

कुमार सगळ्यांत पुढं. मागं गस्तीची पोरं, मग मोठी माणसं, युवराज पण. त्याच वेळी बाजरीच्या कडेनं महेश्वर धावत आला. हातात यंत्र चालवायची पेटी, गळ्यात ओळखपत्र.

"ओ काका! काय केलं ओ! सरकारचं आहे ते!"

"कुटला तू?" कुमारनं विचारलं.

"सोलापूरचा की. ग्रुपवर टाकलंय सरपंचांनी. विचारा त्यांना."

सगळ्यांनी युवराजकडं बघितलं. युवराजला निरोप आठवला. हे त्यानं पुढं धुळाजवळ बोलून दाखवलं. त्या क्षणी तोंड उघडायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात महेश्वरचा फोन वाजला. आईचा होता. घाबरलेल्या पोरानं तो उचलला आणि तेलुगूत काहीतरी भराभर बोलला. "अम्मा" एवढंच कळलं.

"बघ, बघ! टोळीला बोलवतोय!"

पहिली काठी पाठीत बसली. फोन उडाला. महेश्वर ओळखपत्र पुढं धरून सगळ्यांना दाखवत गोल फिरला, जसा कंडक्टरला पास दाखवावा. कोणीतरी त्याची दोरी धरून ओढली. तो गुडघ्यावर आला. मग लाथा. बूट, चपला, अनवाणी पाय. एकानं त्याच्या तोंडात माती कोंबली, बोल म्हणत. एक पोरगं फोन वर धरून शूटिंग करत होतं आणि सांगत होतं, "जरा बाजूला व्हा की, दिसंना." केराबाईनं काठ्यांच्या मधून हात घालून त्याच्या केसांना धरलं. भीमा लांब उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तो "मारा, मारा" म्हणत होता.

धुळा बघत होता. त्याला वाटत होतं, हाच. कोयत्यावाला हाच. चेहरा जुळत नव्हता. तरी त्याला वाटत होतं.

महेश्वर रांगत त्याच्याकडं आला. जवळच्या सगळ्यांच्या हातात काहीतरी होतं. म्हातारा एकटाच रिकामा होता. त्यानं धुळाचा पाय धरला. "काका, तुम्ही सांगा ओ ह्यांना."

धुळा काही बोलला नाही.

कुमारनं टॉमी उचलली. ती डोक्यात बसली तेव्हा ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. पुन्हा उचलली. डोळ्याच्या वर बसली.

"आवं!" घराकडून फुलाबाई धावत येत होती. पिठाचे हात, पदर सुटलेला. "आवं, त्यो सकाळचा पोरगा हाय! चुना टाकाया आल्याला! च्या पिऊन गेलाय आपल्या घरात!"

चहा पिऊन गेलाय. धुळाला बाकी काही ऐकू आलं नाही. तो खाली पडला, पोराच्या अंगावर. घोंगडी दोघांवर ओढली. तिसऱ्यांदा उचललेली टॉमी कुमारला आवरता आली नाही. ती धुळाच्या उजव्या हातावर आली. मनगट मोडलं. तरी घोंगडीवर दोन-तीन काठ्या पडल्याच. मारणाऱ्याला खाली कोण आहे हे बघायला वेळ लागतो.

मग सगळं थांबलं. मेंढरं ओरडत होती. कुमार टॉमीकडं बघत होता. मग ती हातातच घेऊन बाजरीत पळाला.

महेश्वर आणि धुळा एकाच गाडीतून सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेले. धुळाच्या मांडीवर पोराचं डोकं होतं. वाटेत पोरगा दोनदा ओकला. धुळानं डाव्या हातानं त्याचं तोंड पुसलं. दुसरा हात त्याच्या ताब्यात नव्हता.

पोरगा जगला. उजवा डोळा गेला. बोलणं पुष्कळ दिवस आलंच नाही. आलं तेव्हा शब्द अडकायचे, आणि मराठी तर येईचना, फक्त तेलुगू.

धुळाच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. दवाखान्याच्या ओट्यावर महेश्वरची आई त्याच्यासमोर येऊन बसली. कामावरून तशीच आली होती. लुगड्याला सुताचे धागे चिकटलेले. तिनं डब्यातली इडली पुढं केली.

"तुमी पडला म्हणे अंगावर. तुमी नसता तर गेला असता माझा पोरगा."

धुळानं इडली हातात घेतली. तोंडाकडं नेली नाही.

"कोण मारला ओ? तुमी बघितला असाल की."

धुळा इडलीकडं बघत राहिला. ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, "खावा ओ. गार होते."

ती गेल्यावर त्यानं इडली कुत्र्याला घातली. मग तोच शरमला.

वाडीत त्याच आठवड्यात बिरोबाच्या देवळात बैठक झाली. सगळ्यांनी फोन काढले आणि व्हिडिओ पुसले. ज्यानं काढला होता त्यानं सगळ्यांसमोर पुसला, आणि युवराजनं तपासून घेतला. महेश्वरला अजून बोलता येत नव्हतं. पोलीस येऊन गेले होते. सगळे झोपले नव्हते, एवढाच फरक. या वेळी सगळे शेतात होते.

"आबा," युवराज म्हणाला, "दगड तुमचा. त्ये लपत न्हाय, यंत्रात दगड घावलाय. पर तुमी म्हातारं. मेंढरं भ्याली म्हून मारला. तुमाला कोर्ट काय करत न्हाय. फुडचं, अंधार पडला हुता, कुनी मारलं दिसलं न्हाय. झालं."

"अंधार न्हवता."

"आबा."

"दोन वर्सांमागं बी न्हवता. तुज्या खिडकीत दिवा हुता."

भीमा खोकला.

"त्याचं काय आता," युवराज हळू आवाजात म्हणाला. "म्या भ्यालो हुतो. हातात कोयता हुता त्यांच्या. परवा बी भ्यालो. निरोप म्याच टाकला हुता, आबा. तोंड उघडाय गेलो आन्... तुमी सांगा, तुमी तरी कुटं उघडलंत? तुमचा पाय धरला हुता त्यानं."

धुळा उठला आणि देवळाबाहेर पडला. हॉटेलात त्याच्याकडं सगळ्याची उत्तरं असायची.

कुमार त्याच संध्याकाळी घरी आला. आठवडा तो कुठं होता ते कोणी विचारलं नाही. फुलाबाईनं ताट वाढलं. तो जेवत होता. समोर बाप, हात गळ्यात बांधलेला.

"आबा, दुखतंय का?"

"न्हाय."

"मला खाली तुमी दिसलाच न्हाय."

"म्हायती हाय."

कुमारनं भाकरी मोडली, तशीच ठेवली. "तुमच्या कानापायी मारलं म्या त्याला."

"माझा कान त्याच्याकडं न्हवता."

"तुमीच आरोळी दिली की!"

"व्हय. दिली."

कुमार रडायला लागला. दाढीमिश्यांचा माणूस तोंडात घास तसाच ठेवून रडत होता. धुळानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. डावा.

"मी उद्या ठाण्यात जानार हाय," तो म्हणाला.

फुलाबाईनं चुलीतलं लाकूड ओढून काढलं. त्याचं पेटलेलं टोक धुळाच्या तोंडापुढं धरलं. "कान गेला. हात गेला. आता पोरगं बी देताय? द्याचं आसंल तर आधी हे लावा घराला. कागद तर न्हायच मिळाला."

"फुले, त्या बाईनं मला इडली दिली."

"म्या बी तिच्या पोराला च्या दिला हुता! काय झालं मग? काय झालं त्याचं?"

ती लाकूड तशीच धरून उभी राहिली. ठिणग्या धुळाच्या धोतरावर पडल्या. त्यानं झटकल्या नाहीत. शेवटी कुमारनं तिच्या हातातून लाकूड घेतलं आणि पाण्याच्या घागरीत घातलं. घरभर धूर झाला. तिघं धुरात बसून राहिले.

सकाळी कुमार घरात होता. पळाला नव्हता. टॉमी दारात ठेवलेली होती, धुतलेली.

"धुतली कशाला?" धुळानं विचारलं.

"आईनं धुतली."

धुळा एकटाच निघाला. फाट्यावर शिवकुमारनं त्याला बघितलं आणि चहा ओतला. धुळा थांबला नाही. वाडीला कळलं होतं. एसटीत त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही. मागून कोणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, "बाप न्हाय, कसाई." धुळानं मागं वळून बघितलं नाही. आवाज भीमाचा होता.

ठाण्यातली खुर्ची तीच होती. फौजदार नवी होती, तरुण बाई, बदलून आलेली. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "बाबा, या प्रकरणात साक्षीदारच मिळत नाही. तुम्ही नुसतं जखमींमध्ये आहात."

"मी साक्षीदार हाय."

तिनं कागद ओढला.

"पयला दगड माझा," धुळा म्हणाला. "यंत्राला. आरोळी बी माझीच. त्या आरोळीनं समदी आली. त्ये बी ल्हिवा."

तिनं लिहिलं. तो सांगत गेला. काठी कोणी मारली, माती कोणी कोंबली, केस कोणी धरले. भीमाचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, "ह्याच्या हातात काय न्हवतं. पर तोंड हुतं." युवराजचं सांगताना तो अडखळला. "ह्यानं मारलं न्हाय. ह्याला ठावं हुतं, आन् गप ऱ्हायला. त्याला कायद्यात काय म्हंत्यात त्ये तुमी बघा. म्या बी गप हुतो. पाय धरला तवा. माझ्या नावाफुडं बी तसंच ल्हिवा."

"लोखंडी दांडी कोणाच्या हातात होती? डॉक्टर म्हणतात, डोक्याला आणि डोळ्याला एकच हत्यार लागलंय."

धुळानं पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता. खाली ठेवला.

बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू केली आणि बंद केली.

"बाबा, दिसलं नसेल तर तसं सांगा. मी तसं लिहिते."

तिनं हे चांगल्या मनानं म्हटलं. धुळाला ते कळलं. दार उघडं होतं आणि ते तिनं उघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत अख्खी वाडी याच दारानं बाहेर पडली होती.

"उजेड हुता," तो म्हणाला. "मला दिसलं."

"मग नाव सांगा. पूर्ण."

"कुमार."

तिनं लिहिलं. "वडलांचं नाव?"

त्यानं प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला. तो तिथं जड पडला.

"धुळा," तो म्हणाला.

पेन थांबलं. बाईनं वर बघितलं. त्याच्या अर्ध्या कानाकडं, मग हाताकडं.

"ल्हिवा," धुळा म्हणाला. "आन् सई डाव्या हातानं करीन. वेळ लागंल. अंगठा देनार न्हाय."